फुली न मारलेला गाडा

मलकापुरात खोली पाहायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, की नोकरी कुठे ते विचारलं नाही. ओसरीत माझी चाकांची बॅग उभी होती, तिच्यासमोर ते उकिडवे बसले. सदऱ्याच्या खिशातून एक बारकी हातोडी काढली, बॅगेच्या चाकांवर टुक टुक वाजवलं, मान वाकडी करून ऐकलं, मग दुसऱ्या खिशातून खडू काढला आणि माझ्या नव्या कोऱ्या बॅगेवर ही मोठी फुली मारली.

"सिक," म्हणाले.

"कोण?" मी घाबरूनच विचारलं. लॅबमध्ये काम करणारी बाई मी. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, त्यामुळे आजाराचं नाव निघालं की माझे कान टवकारतात.

"कोण म्हंजे? बॅग. डावं चाक गेलं म्हणून समज. दिवाई बी नाई पाहत."

आतून काकू ओलं फडकं घेऊन आल्या. ते फडकं त्यांच्या हातात कायमच असायचं, हे मला पुढे कळलं. फुली पुसता पुसता म्हणाल्या, "खोली मी दाखवतो. त्याइच्याकडे ध्यान देऊ नको, त्याइले सवयच हाय तशी." ती बॅग आजही माझ्याकडे आहे आणि डावं चाक ठणठणीत आहे. पण हे काकांना सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

काका रेल्वेतून रिटायर झाले होते. स्टेशनात मालगाडी थांबली की तिच्या कडेकडेनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आसाच्या डब्यावर हाताची मागची बाजू टेकवून तो तापलाय का बघायचं, हे त्यांचं काम. शंका आली की डब्यावर खडूनं खूण करायची. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला सिक म्हणतात. सिक झालेला डबा गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर ढकलतात आणि बाकीची गाडी निघून जाते. उभा जन्म काकांनी हेच केलं. नोकरी संपली तेव्हा सरकारी हातोडी जमा करून आले आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःची विकत घेतली.

मग काय, सारं मलकापूर त्यांना मालगाडीच. पलीकडच्या गल्लीत लग्न होतं, नवरदेवाची गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. काकांनी पुढच्या चाकावर वाजवलं आणि बॉनेटवर, बरोब्बर नवरा-नवरीच्या नावांच्या मधोमध, फुली मारली. नवरदेवाची आई जी सुरू झाली, ती काकूंनी तिच्या पाया पडेपर्यंत थांबली नाही. बाजारात टरबूजवाला त्यांना लांबून पाहिलं की टरबुजांवर पोतं टाकायचा. एकदा शुगर तपासायला आमच्या लॅबमध्ये आले, तर रक्त फिरवायच्या मशीनवर हाताची मागची बाजू लावली, "गरम होऊन राह्यलं," म्हणाले, आणि डॉक्टर आत यायच्या आधी फुली मारून मोकळे. ती मी स्पिरिटनं पुसली. टीव्हीवर चार माणसं एकदमच ओरडायला लागली की उठून काचेवरच फुली मारायचे. तेवढ्या एका फुलीला काकूंची हरकत नव्हती, ती त्या सकाळपर्यंत राहू द्यायच्या.

आणि गर्व किती! "माह्या हातून सुटलेला एक डबा दाखवा," असं छाती ठोकून म्हणायचे. आता सुटलेला डबा मी कुठून दाखवू? पण चांगला डबा उगीच सिक केला असेल असे मात्र कितीतरी असावेत, अशी मला दाट शंका आहे. कारण त्यांच्या हाताला सगळं जगच थोडं गरम लागायचं.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. मला एकदा जोराचा ताप आला. काका जिना चढून आले, दारातूनच हात लांब करून माझ्या कपाळाला मागची बाजू टेकवली आणि खाली गेले. थोड्या वेळानं काकू मऊ भात घेऊन आल्या. मी खिडकीतून पाहिलं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर खडूची फुली, आणि तिच्याशेजारी काका खुर्ची टाकून बसलेले. कोणी वर यायला निघालं की म्हणायचे, "पोरगी सिक हाय. जाय तू." माझी मैत्रीण दुसरबीडहून एवढ्या लांबून भेटायला आली, तर तिलाही खालूनच पिटाळलं. मी तापात असूनही हसले, आणि मग थोडी रडलेही. माहेर सोडून इतकी वर्षं झाली होती, आजारपणात दारात असं कुणी बसलं नव्हतं.

आता गाड्याचं सांगते.

काका भोयांचे. त्यांच्या घरात सगळे मासे धरणारे, एकटे हेच रेल्वेत गेले. थोरली बहीण मोताळ्याकडच्या धरणावर राहायची. काका तिला बाई म्हणायचे, ती त्यांना लायन्या, म्हणजे लहान्या. पांढऱ्या मिशांच्या माणसाला कोणी लायन्या म्हणून हाक मारतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला चांगल्या नोकरीत होता. बाई मात्र धरणाच्या काठावर पत्र्याच्या घरात एकट्या राहायच्या आणि रोज पहाटे जाळं टाकायच्या.

बाकीचे लोक थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतात. सत्तरीला आलेल्या बाईला ते कसं जमणार? म्हणून बाईंनी एक फायबरची नाव घेतली होती. कुठलातरी बोटिंग क्लब बंद पडला, त्याच्या भंगारात ती मिळाली, आणि तिच्यासोबत नाव वाहून न्यायचा दोन चाकांचा लोखंडी गाडाही आला. गाड्याची तेव्हा गरज वाटली नव्हती. तो काठावरच्या बेशरमाच्या झुडपात पडला आणि तिथंच गंजला.

गरज पडली ती नंतर. धरणाचं पाणी काही एका जागी राहत नाही. होळी झाली की ते मागे सरायला लागतं. आज इथं, तर पंधरवड्यानं पार तिकडं खाली, आणि मधे नुसता गाळ आणि भेगा. नाव पाण्यामागे न्यावी लागते. आधी गावातली पोरं खांदा द्यायची. आता पोरं राहिलीत कुठे? कोणी पुण्याला, कोणी सुरतेला. गेल्या उन्हाळ्यात बाईंची नाव वरच राहिली आणि पाणी लांब निघून गेलं. नाव एकटीनं ओढायला गेल्या आणि गाळात घसरून पडल्या. पाय मुरगळला. कोणी येईपर्यंत तशाच पडून होत्या.

हे कळल्यावर मुलगा, म्हणजे काकांचा भाचा, सुरतेहून धावत आला. "आई, आता बस झालं. माझ्याकडे चल." बाई ऐकेनात. शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं. गाडा दुरुस्त होत असेल तर आई राहील, कारण गाड्यावर नाव टाकली की एका बैलजोडीनं ती पाण्यामागे नेता येते. नसेल होत, तर घराला कुलूप लावून आई सुरतेला जाईल. आणि होतो की नाही, हे सांगणार कोण? तर लायन्या.

"लायन्या म्हणन ते," असं बाई म्हणाल्या.

भाच्याला आनंदच झाला. साहजिकच होतं. ज्या माणसानं जन्मात कशाला चांगलं म्हटलं नाही, त्याच्यापुढे गंजलेला गाडा ठेवायचा, मग निकाल ठरलेलाच. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, "आता एक फुली, अन् बाई चालल्या सुरतेले." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. नणंद-भावजयीचं असं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गाडा आला तो दुसऱ्या ट्रॉलीवर उताणा पडून, कारण त्याची स्वतःची चाकं फिरतच नव्हती. तो नेमका माझ्या जिन्याखाली ठेवला. काय त्याची दशा! पाट्यांच्या स्प्रिंगा गंजून एकमेकींना चिकटलेल्या, नट-बोल्ट कोणते आणि गंजाचे गोळे कोणते ते ओळखू येईना, एका रिममधून बेशरमाची फांदी उगवून वाळलेली. मी त्यातली नाही, पण मीही सांगितलं असतं की हे भंगारात घाला.

काका आले. गाड्याभोवती एक चक्कर मारली. डाव्या चाकावर हातोडी मारली, बद्द आवाज आला. उजव्या चाकावर मारली, तर गंजाचा पापुद्राच खाली पडला. मग खिशात हात घातला. काकू फडकं घेऊन उभ्या, मी जिन्यावर उभी, बाई ओसरीच्या कडेला बसलेल्या. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या, स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. काकांनी खडू काढला, बोटांत फिरवला आणि परत खिशात टाकला.

"पाहू," म्हणाले.

काकूंच्या हातातलं फडकं पडायचंच बाकी राहिलं.

त्या दिवसापासून माझ्या जिन्याखाली जो गोंधळ सुरू झाला, काही विचारू नका. सकाळी मी आंघोळीला निघाले की काका गाड्याखाली आडवे आणि फक्त पाय बाहेर. डिझेलच्या वासानं माझा चहा बाटला. नट हलेनात, तेव्हा काकांनी माझ्याकडे मोठी सिरिंज मागितली. मी लॅबमधून नवी, बिनसुईची आणून दिली. ते तिच्यात डिझेल भरून प्रत्येक नटाच्या फटीत सोडायचे आणि म्हणायचे, "पी बावा, पी." रात्रभर नट भिजायचे, सकाळी काका पान्याला लटकायचे, आणि एखादा नट कर्र करून फिरला की साऱ्या गल्लीला हाक मारून सांगायचे. जो नट फिरत नाही तो गॅसनं तापवून काढायला वेल्डिंगवाला बोलवायचे आणि त्याच्याशी भांडायचे. स्प्रिंगांचे पाटे सुटे झाले, ते तारेच्या ब्रशनं घासून घासून त्यांनी लख्ख केले आणि लाल ऑक्साईडचा रंग मारून वाळत घातले, तेही माझ्या कपड्यांच्या दोरीखाली! माझ्या एका पांढऱ्या ओढणीवर तो लाल पट्टा अजून आहे.

सुरतेहून भाच्याचा फोन यायचा. "मामा, काय झालं?"

"पाहून राह्यलो."

"होतंय का नाही ते सांगा ना एकदाचं. मला सुट्टी टाकावी लागते."

"पाहून राह्यलो म्हटलं ना बे!" आणि फोन बंद.

चाकं बसली, नवीन बेरिंग घातल्या, ग्रीस भरलं. काकांनी आसाच्या टोकाचा नट असा आवळला, असा आवळला, की पान्यावर उभेच राहिले. "रेल्वेत काम केलं बावा. आपल्याकडचं काहीच हालत नसते." आणि एका सकाळी कोणाला न सांगता ओळखीच्या पिकअपला गाडा जोडून बायपासपर्यंत चक्कर मारायला निघून गेले.

इथं काकू चिडल्या. गाडी पहिल्यांदा निघते तेव्हा चाकांवर पाणी घालायची आपली रीत. आणि हा माणूस तशीच घेऊन गेला! शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून काकू तांब्या घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. जाताना नाही तर येताना घालू, त्यात काय! बाईही त्या दिवशी धरणावरून आल्या होत्या, त्याही उभ्या. पिकअप आली, मागे गाडा डुलत डुलत आला आणि फाटकात थांबला. काका पिकअपमधून उतरून ओरडायच्या आत चार तांबे दोन्ही चाकांवर रिकामे झाले.

चर्रर्र आवाज झाला आणि वाफेचा हा मोठा लोट उठला. शेजारच्या एका बाईनं हात जोडले, तिला वाटलं शुभ झालं.

काकांनी डोक्याला हात लावला. मग असे भडकले, असे भडकले! "गरम चाकावर पाणी! कोणं सांगतलं तुमाले? सारं पाणी आत गेलं आता!" चाक उघडलं तर ग्रीस दह्यासारखं पांढरं झालेलं. खरंच, पाणी आत गेलं होतं. पण बेरिंगही जळून निळी पडली होती, आणि ते काही पाण्यानं झालेलं नव्हतं. काकू हळूच म्हणाल्या, "पण चाक तापलं काऊन इतकं? पाणी तर आमी मंग टाकलं."

काका ग्रीस पुसायला लागले. बाई खाली बसल्या, तो आवळलेला नट बोटानं चाचपला आणि म्हणाल्या, "एवढं आवयलं काऊन रे लायन्या? मी नावेचा दोर बी इतका नाई आवयत. पाणी खाली-वर झालं तर नाव कशी हालन मंग?"

काका उठून मागच्या अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. गाडा पुन्हा उघडा पडलेला पाहून त्यानं एकच विचारलं, "म्हणजे नाही होत ना मामा?" संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं त्यानं काढूनच ठेवली होती, एक स्वतःचं, एक आईचं. त्यात काही दुष्टपणा नव्हता. पोरगा आईच्या काळजीनं वाळला होता. बाईंची ट्रंकही काकूंनी भरून दिली होती, आणि ती ओसरीत उभी होती. काकूंनी काकांच्या खिशातला खडू स्वतः काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मारून टाका आता. लोंबकळत ठेवू नका बाईले," म्हणाल्या.

काकांनी खडू घेतला, दोन पावलं टाकली, आणि भाच्याच्या बॅगेवर फुली मारली. मग माझ्या जिन्यावर येऊन बसले.

भाचा तोंड उघडं टाकून उभा. मला हसू येत होतं, पण काकांचा चेहरा पाहून हसणं गिळलं. मी वरच्या पायरीवर बसले. ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"तुले सांगतो लॅबवाले. मी जिंदगीभर डबे सिक केले. दुरुस्त एक बी नाई केला. दुरुस्त करणारे दुसरे राहत होते, शेडमधी. मी फुली मारली अन् पुढं गेलो. मले काईच येत नाई यातलं. नट किती आवयावा, हे बी नाई येत."

"मग सांगा ना तसं."

"सांगतो. पण फुली मारली तर बाई तुटली ना धरणावून. डबा तुटला तर शेडमधी जाते, बाई कुठी जाईन? ते पोरगं चांगलं हाय, सोन्यासारखं ठेवन तिले. पण ती तिथं चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून काय पाहीन? मी नाई मारत फुली. मले नाई मारता येत."

एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं, उठले आणि पिकअपवाल्याला फोन लावून नव्या बेरिंग आणि पाणी अडवणारे सील आणायला सांगितलं. भाच्याला म्हणाले, "तुही गाडी संध्याकाई हाय ना? मंग अजून टाईम हाय." आणि बाईंना हाक मारली, "बाई, इकडं ये. ढिलं म्हंजे किती ढिलं, ते दाखव."

त्या दिवशी लॅबची वेळ होऊन गेली, तरी मला जाववेचना. दोघं बहीण-भाऊ गाड्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर बसले होते. काका नट आवळायचे, मग थोडा सोडायचे. बाई चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघायच्या. "डुलून राह्यलं." परत थोडा आवळायचे. "आता अडून राह्यलं." परत सोडायचे. काका घामाघूम, बाईंच्या कोपरापर्यंत ग्रीस. मधेच बाई म्हणाल्या, "लहानपणी असाच तू भवरा घेऊन बसे, अन् दोरी मलेच गुंडायला लावे." दोघंही हसायला लागले, आणि ते हसणं थांबेचना. भाचा बाजेवर बसून हे बघत होता. त्यानं फोन खिशात ठेवला होता. शेवटी बाईंनी एका बोटानं चाक ढकललं. ते फिरलं, आवाज न करता फिरत राहिलं, आणि आपलं आपण थांबलं.

बाई म्हणाल्या, "हं. असं."

लगेच निघालो. मीही गेले, लॅबला सुट्टी कळवून टाकली. पिकअपमध्ये पुढे काका आणि ड्रायव्हर, मागे आम्ही सगळे आणि बाईंची ट्रंक. ट्रंक भाच्यानं आठवणीनं घेतली, कारण गाडा वाटेत बसला तर तिथूनच परत फिरून स्टेशन गाठायचं होतं. काका वाटेत थांबवून थांबवून खाली उतरायचे आणि चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू लावायचे. ड्रायव्हर वैतागला. मोताळा येईपर्यंत चाकं कोमट होती, तापली नव्हती.

धरणावर उन्हानं डोळे दिपत होते. पाणी लांब खाली गेलेलं, आणि नाव वरच, भेगाळलेल्या जमिनीवर तिरपी पडलेली. गावातल्या चार-पाच माणसांनी ती उचलून गाड्यावर ठेवली, दोर बांधला. ओळखीच्या एकाची बैलजोडी जुंपली. गाळ वाळला होता त्या वाटेनं गाडा खाली खाली गेला. नाव हलत होती, पण चाकं चालत होती. पाण्याच्या काठाशी आल्यावर काकांनी हात आडवा केला.

"थांबा. चाकं थंड होऊ द्या. गरम चाक पाण्यात घातलं का पाणी वढून घेते. आमच्याकडं झालं तसं." काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

मग सगळे बाभळीच्या विरळ सावलीत बसले. भाकरी आणि ठेचा सोडला. त्या थांबण्यातच भाच्यानं मनातलं काढलं. चढ्या आवाजात नाही, अगदी साध्या सुरात.

"मामा, चाकं फिरली, मानलं. पण आई परत पडली तर? मागच्या वेळी कितीतरी वेळ ती गाळात पडून होती. मला तिकडे झोप लागत नाही. गाडा झाला म्हणून ती एकटी नाही का?"

प्रश्न खराच होता. बाई भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिल्या. काकांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"तुह्यं म्हणणं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून दुसऱ्याचं बरोबर असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. "एकटी नको राहायले. आता ऐक. पाण्यात जाणारं चाक लय मागते. दर खेपेले उघडा लागते, पाणी गेलं का पाहा लागते, ग्रीस भरा लागते. नाई तर परत गंजते. हे कोण करन? बाई नाव वल्हवन का ग्रीस भरन? मी येतो इथं. होळीपासून पाणी पडेपर्यंत. पाणी जसं सरन तसा गाडा सरकवू. मलकापुरात मले काम काय हाय? टरबुजं बी नाई वाजवू देत कोणी."

"अन् मी?" काकू म्हणाल्या. "मी तिथं कोणासाठी फडकं घेऊन फिरू? मी बी येतो." मग माझ्याकडे वळून, "घर तू पाह्य. झाडाले पाणी टाकत जाय."

मला हो म्हणायलाही वेळ मिळाला नाही. काका उठून चाकांपाशी गेले होते. हात लावला, डावीकडे, मग उजवीकडे. "चाला," म्हणाले.

बैल मागे वळवून गाडा उलटा पाण्यात घेतला. पाणी चाकांच्या मध्यावर चढलं. बुडबुडा आला नाही, म्हणजे पाणी आत शिरलं नव्हतं. काका धोतर खोचून पाण्यात उतरले आणि दोर सोडला. नाव गाड्यावरून थोडी सरकली, थोडी अडली, आणि मग तिचा मागचा भाग वर उचलला गेला. काठावरून कोणीतरी "हाव!" म्हणून ओरडलं. बाई लुगडं सावरत आत चढल्या. चार वल्ही मारून लांब गेल्या, एक गोल चक्कर घेतली आणि परत काठाजवळ आल्या. पण खाली उतरल्या नाहीत. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडावरूनच अर्धा आजार ओळखत आले. त्या बाईच्या तोंडावर त्या क्षणी काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

भाचा ट्रंकेजवळ उभा होता. "आई," तो म्हणाला, "गाडी संध्याकाळची आहे."

"जाय बाबू," बाई नावेतूनच म्हणाल्या. "सुखरूप जाय. सूनबाईले सांग, मी दिवाईले येतो. चार दिवस."

त्यानं काकांकडे पाहिलं. अजून त्याला वाटत होतं की मामा काहीतरी बोलतील, आईला समजावतील. काका कमरेएवढ्या पाण्यात नावेला धरून उभे होते.

"आठ दिवस येईन ती," काका म्हणाले. "आता सोड तिले. जाळं टाकायची येळ झाली."

आणि दोन्ही हातांनी त्यांनी नाव आत ढकलली.